शिफारस विकायला निघते तेव्हा : सेकंड लाइफच्या बाजाराची गोष्ट

जून २००६ मध्ये अमेरिकन अपेरल या अमेरिकेतल्या कपड्यांच्या कंपनीने एक नवं दुकान उघडलं. दुकान ‘लेराप्पा’ नावाच्या बेटावर होतं. ‘अपेरल’ या शब्दाची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली की हे नाव तयार होतं. जगाच्या नकाशावर हे बेट सापडणार नाही, कारण ते सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीच्या संगणकांवर होतं. दुकानात टी-शर्ट होते, पण हाताला लागणारे नव्हते. पडद्यावर आपल्या नावाने वावरणारी जी बाहुली असते, जिला तिथे ‘अवतार’ म्हणतात, तिला घालायचे ते कपडे. खऱ्या जगातला एक मोठा ब्रँड आभासी जगात दुकान थाटतो म्हटल्यावर त्याची भरपूर चर्चा झाली. वर्षभराने, जुलै २००७ मध्ये, कंपनीने ते बंद केलं.

त्याच काळात, त्याच जगात, कुठल्याही वर्तमानपत्रात नाव न आलेल्या हजारो लोकांची छोटी दुकानं चालू होती. कुणी अवतारांसाठी केसांच्या ठेवणी विकत होतं, कुणी बूट, कुणी घरं, कुणी फक्त चालण्याची ढब. जाहिरातीवर उधळायला यांच्याकडे पैसा नव्हता. गिऱ्हाईक यायचं ते दुसऱ्या गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून. मोठ्यांचं दुकान ओस पडलं आणि लहानांचं चाललं, हे कसं झालं? आणि पुढे त्या तोंडी शिफारशीचं काय झालं? २०२१ मध्ये फेसबुकने आपल्या कंपनीचं नाव बदलून ‘मेटा’ केलं आणि आभासी जगातल्या व्यापाराचे जुनेच दावे नव्याने ऐकू येऊ लागले, तेव्हापासून हा इतिहास मला खुणावत होता. मी त्या जगाचा रहिवासी कधी नव्हतो. जे लिहितोय ते वाचून, जुन्या नोंदी चाळून लिहितोय.

आधी थोडी ओळख. फिलिप रोझडेल याने १९९९ मध्ये लिंडन लॅब काढली आणि २३ जून २००३ ला ‘सेकंड लाइफ’ सर्वांसाठी खुलं झालं. लोक याला गेम म्हणतात, पण यात जिंकायचं काही नसतं. मारायला राक्षस नाही, पार करायला पायऱ्या नाहीत. मोकळी जमीन आहे आणि वस्तू घडवण्याची साधनं आहेत, बाकी सगळं तिथे येणाऱ्यांनी करायचं. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने एक मोठा निर्णय जाहीर केला. रहिवाशाने जे घडवलं, त्याचा बौद्धिक हक्क त्या रहिवाशाचाच राहील. तोवर अशा जगांत घाम तुमचा आणि मालकी कंपनीची, हाच दस्तूर होता. तिथलं चलन लिंडन डॉलर. ते खऱ्या डॉलरला विकताही यायचं. साधारण अडीचशे ते पावणेतीनशे लिंडन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. २००५ मध्ये कंपनीने स्वतःच या अदलाबदलीची पेढी उघडली. म्हणजे घडवणारा कारागीर, हक्क त्याचा, आणि कमाई खऱ्या पैशात बदलता येणारी. बाजार उभा राहायला आणखी काय लागतं?

एक गोष्ट लागते. भरवसा.

आता विचार करा, इथे भरवसा ठेवायचा कुणावर? समोरच्याचं नाव खोटं, चेहरा खोटा, वय खोटं. तो बाई आहे की पुरुष, लंडनमध्ये बसलाय की लातूरमध्ये, काही कळायला मार्ग नाही. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की खाला आणि फुफ्यांची बैठक बसते, आणि कुठल्या दुकानातल्या कपड्याचा रंग जातो, कोण मापात मारतो, याची तिथे पुरती शहानिशा होते. त्या बैठकीला वजन असतं कारण खालाला आपण जन्मापासून ओळखतो. बिनचेहऱ्याच्या गावात ही खाला आणायची कुठून?

सेकंड लाइफने, बहुधा ठरवून नव्हे, पण तिची सोय केली होती.

तिथल्या प्रत्येक वस्तूवर, मग ती खुर्ची असो की कानातलं, ती घडवणाऱ्याचं नाव कायमचं कोरलेलं असायचं. चौकात उभ्या असलेल्या एखाद्या बाईचे केस आवडले, तर त्यांवर उजवी क्लिक करायची आणि तपासायचं. कारागिराचं नाव समोर येई. नावावरून त्याचं प्रोफाइल उघडे आणि प्रोफाइलवर दुकानाचा पत्ता. कुणाला विचारायचीही गरज नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या सदऱ्याला शिंप्याचं नाव चिकटलेलं असावं, तसा हा प्रकार. जाहिरात करणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा, असं उरतच नव्हतं. माणूस नुसता चारचौघांत वावरला तरी मालाची शिफारस होत होती. आणि ही शिफारस फुकट होती, त्यामुळे खरी होती. ज्या अर्थी तिने ते केस स्वतः विकत घेऊन घातलेत, त्या अर्थी ते बरे असणार.

दुसरी सोय होती ‘लँडमार्क’ची. एखादी जागा आवडली की तिचा पत्ता साठवून ठेवता यायचा आणि मैत्रिणीला पाठवता यायचा. तिने त्यावर क्लिक केलं की ती थेट तिथे पोहोचे. सुरुवातीला मात्र असं थेट पोहोचता येत नव्हतं. आधी ठरावीक थांब्यावर उतरायचं आणि तिथून उडत पुढे जायचं. साहजिकच थांब्याच्या आसपासच्या जमिनीला सोन्याचा भाव होता. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्याला असतो तसाच. २००५ च्या अखेरीस कंपनीने हे थांबे रद्द केले आणि कुठूनही कुठेही थेट जाण्याची मुभा दिली. एका फटक्यात मोक्याच्या जागेची किंमत पडली. आडबाजूच्या बेटावरचं दुकान आणि भर चौकातलं दुकान सारख्याच अंतरावर आले, म्हणजे मैत्रिणीच्या एका निरोपाच्या अंतरावर. माझ्या मते या बाजाराच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना आहे. बड्या कंपन्या आल्या तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे लागल्या, आणि ही जुनी गोष्ट मागे पडली.

दुकानदारही हुशार होते. केस विकणारे ‘डेमो’ फुकट द्यायचे. घालून बघा, फक्त डोक्यावर ‘डेमो’ अशी पाटी तरंगत राहील. गिऱ्हाईक ती पाटी घेऊनच मैत्रिणींना दाखवायला जाई, म्हणजे पुन्हा फुकटची जाहिरात. वस्तूची नक्कल करता येईल का, तिच्यात बदल करता येईल का, ती दुसऱ्याला देता येईल का, हे तिन्ही कारागीर ठरवू शकायचा. फुकटच्या भेटवस्तूंना दुसऱ्याला देण्याची मुभा ठेवली की त्या हातोहाती फिरायच्या, आणि सोबत दुकानाच्या पत्त्याची चिठ्ठी. विकाऊ मालाला ती मुभा काढून घेतली की धंदा शाबूत. दुकानांचे गटही असायचे. गटात नाव घातलं की नव्या मालाची खबर आधी मिळायची. गंमत म्हणजे एका रहिवाशाला तेव्हा २५ च गटांत राहता यायचं. त्यामुळे ज्या दुकानदाराने रोज उठून सूचनांचा मारा केला, त्याचा गट लोक सोडून देत. आपल्या मोबाइलवर दिवसाला येणाऱ्या जाहिरातींच्या मेसेजना अशी काही मर्यादा असती तर काय बहार आली असती!

या कर्णोपकर्णी प्रसाराचा सर्वात सुरेख नमुना म्हणजे ‘ट्रिंगो’. नेथन कीर नावाच्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००४ च्या शेवटाला सेकंड लाइफच्या आत बसून हा खेळ तयार केला. टेट्रिसचे तुकडे आणि बिंगोचा पत्ता, असं मिश्रण. त्याने खेळाची एक प्रत १५,००० लिंडन डॉलरला विकायला काढली. त्या जगात ही रक्कम लहान नव्हती. पण घेणारा ती खुशीने द्यायचा, कारण तो स्वतः खेळण्यासाठी घेतच नव्हता. क्लबचा मालक ट्रिंगो घ्यायचा, संध्याकाळी डाव लावायचा, लोक जमायचे. जमलेल्यांत दुसऱ्या क्लबचा मालक असायचा, तो गर्दी बघून आपल्या क्लबसाठी एक प्रत घ्यायचा. तिथे जमलेल्यांत तिसरा. काही महिन्यांत त्या जगातल्या कार्यक्रमांच्या यादीत जिकडे तिकडे ट्रिंगोचेच डाव दिसू लागले. पुढे या खेळाचे हक्क बाहेरच्या कंपनीने घेतले आणि तो निन्टेंडोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या खऱ्या यंत्रावर आला. आभासी जगात जन्मून खऱ्या बाजारात उतरलेला माल म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं.

मोठ्यांची वरात

१ मे २००६ च्या ‘बिझनेसवीक’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एका अवताराचं चित्र आलं. ॲन्शी चुंग. खरं नाव आयलिन ग्राफ, चीनमध्ये जन्मलेली आणि जर्मनीत राहणारी बाई. आभासी जमीन घेऊन, तिची आखणी करून, ती भाड्याने आणि विकत देण्याचा तिचा धंदा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने जाहीर केलं, की सेकंड लाइफमधल्या तिच्या मालमत्तेची किंमत खऱ्या दहा लाख डॉलरच्या वर गेली आहे. त्या मुखपृष्ठानंतर जाहिरात क्षेत्राला घाई सुटली. टोयोटाची सायन गाडी आली, आदिदास आणि रीबॉक आले, स्टारवूड हॉटेल कंपनी आली, आयबीएम आलं. रॉयटर्स वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २००६ मध्ये तिथे आपलं कार्यालय उघडून वार्ताहर बसवला. मे २००७ मध्ये मालदीव आणि त्यापाठोपाठ स्वीडनने तिथे दूतावाससुद्धा उघडला. ऑक्टोबर २००६ मध्ये नोंदणीचा आकडा दहा लाखांवर गेला होता आणि तो आकडा प्रत्येक बातमीत झळकत होता.

आकड्यात गोम होती. क्ले शर्की या अमेरिकन लेखकाने डिसेंबर २००६ मध्येच ती उघडी केली. नोंदणी करणं फुकट होतं. बरेच लोक एकदा डोकावून जात आणि पुन्हा फिरकत नसत. दहा लाख नावं म्हणजे दहा लाख गिऱ्हाइकं नव्हेत. प्रत्यक्षात एका वेळी तिथे हजर असलेल्यांचा उच्चांकदेखील पुढे २००९ मध्ये ८८ हजारांच्या आसपासच गेला. पण त्याहून मोठी अडचण यंत्राची होती, आणि ती जाहिरातवाल्यांच्या लक्षातच आली नाही. त्या जगाचे तुकडे पाडलेले होते आणि एका तुकड्यावर एका वेळी फार तर शंभरेक अवतार मावत. त्याहून जास्त झाले की सगळं ठप्प. टीव्हीवरची तीस सेकंदांची जाहिरात एका दमात कोट्यवधींना दिसते. इथे तुम्ही कितीही पैसा ओता, तुमच्या दारात शंभराच्या वर माणूस उभाच राहू शकत नाही. गर्दीला उद्देशून ओरडण्याचा धंदा ज्यांना येत होता, ते अशा गावात आले होते जिथे गर्दी जमवणंच अशक्य होतं. अशा ठिकाणी एकाने दुसऱ्याला सांगणं हाच प्रचार उरतो.

आणि सांगण्यासारखं या दुकानांत काय होतं? चकचकीत इमारत, भिंतीवर कंपनीचं बोधचिन्ह, आत एकही माणूस नाही. स्थानिक कारागिराच्या दुकानात अनेकदा तो स्वतः भेटायचा, अडचण ऐकायचा, रंग बदलून द्यायचा. कंपनीच्या दुकानात कुणी भेटत नव्हतं. ऑगस्ट २००७ मध्ये ‘वायर्ड’ मासिकाने फ्रँक रोझ यांचा लेख छापला. त्याचा रोख असा होता, की जाहिरात कंपन्या एका ओसाड जागेत लाखो डॉलर वाया घालवत आहेत. तोवर अमेरिकन अपेरलचं दुकान बंद झालं होतं, आणि स्टारवूडने आपलं बेट तरुणांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकलं होतं. काही रहिवाशांनी तर ‘सेकंड लाइफ मुक्ती सेना’ स्थापून अमेरिकन अपेरल आणि रीबॉकच्या दुकानांवर आभासी हल्ले केले होते. त्यांची मागणी होती की कारभारात रहिवाशांना मताचा अधिकार द्या. बातमीदारांनी ती गंमत म्हणून छापली. मला ती तशी वाटत नाही. ज्यांनी गाव वसवलं, त्यांना न विचारता गावात मॉल आला की हे होणारच.

सगळेच आपटले असंही नाही. आदिदासचे बूट घातले की अवतार उड्या मारत चालायचा. बघणारा हमखास विचारायचा, हे काय आहे? जनरल मोटर्सच्या पाँटिॲकने आपली जाहिरात लावण्याऐवजी ‘मोटोराटी’ नावाच्या बेटावर गाड्यांच्या शौकिनांना फुकट जमीन वाटली. तुम्हाला हवं ते बांधा म्हणाले. लोकांनी बांधलं, आणि आपण बांधलेलं दाखवायला मित्रांना बोलावलं. पुढे तेही बंद झालं, पण जोवर होतं तोवर तिथे माणसं होती. हर्मन मिलर या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची गोष्ट तर मला फारच आवडते. सेकंड लाइफमध्ये तिच्या प्रसिद्ध ‘एरॉन’ खुर्चीच्या नकला सर्रास विकल्या जात होत्या. कंपनीने २००७ मध्ये स्वतःच्या आभासी खुर्च्या काढल्या आणि सांगितलं, तुमची नकली खुर्ची टाकून द्या, आम्ही अस्सल फुकट देतो. नकलेच्या मुद्द्यावर आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, त्या जगात मोठा भडका उडून गेला होता. वस्तूंची बेकायदा नक्कल करणारा ‘कॉपीबॉट’ नावाचा प्रोग्राम निघाला आणि कारागिरांनी निषेध म्हणून दुकानांना टाळी लावली. कारागिराचं नाव हीच ज्या बाजाराची पुंजी, तिथे नक्कल म्हणजे नुसती चोरी नव्हती. उजवी क्लिक केल्यावर दिसणारं नावच खोटं ठरण्याची ती भीती होती.

शिफारशीला भाव फुटला

आतापर्यंत ही गोष्ट ‘लहानांनी मोठ्यांना हरवलं’ अशी वाचता येते. अनेकांनी ती तशीच लिहिली आहे. पण कंपन्या आल्या नसत्या तरी ती शिफारस निर्मळ राहिली असती का? मला शंका आहे. कारण तिला भाव फुटायला सुरुवात झाली होती ती गावातूनच.

अगदी सुरुवातीच्या वर्षांत रहिवाशांना एकमेकांना गुण देता येत: वागणूक, दिसणं, बांधकाम यांसाठी. चांगल्या माणसाची ओळख पटावी हा हेतू. गुणांवर आठवड्याच्या भत्त्यातली वाढ अवलंबून होती. झालं! लोक खास गुणवाटपाच्या मेजवान्या भरवू लागले. ये, बस, तू मला दे, मी तुला देतो. गुण देण्याची किंमत वाढवून पाहिली, पण उपयोग झाला नाही. सगळेच चांगले ठरल्यावर चांगल्याला काही अर्थ उरला नाही आणि २००७ मध्ये कंपनीने ही पद्धत मोडीत काढली.

मग आल्या बसण्याच्या खुर्च्या. शोधयादीत कुठली जागा वर दिसणार, हे तिथे किती लोक किती वेळ थांबतात यावर ठरायचं. दुकानदारांनी खुर्च्या मांडल्या. या खुर्चीवर अवतार बसवून ठेवा, दर दहा-पंधरा मिनिटांना दोन-तीन लिंडन डॉलर मिळतील. आपल्या तेव्हाच्या हिशेबाने जेमतेम पन्नास पैसे. नव्याने आलेले, खिसा रिकामा असलेले लोक तासन्‌तास अवतार बसवून ठेवत आणि खऱ्या जगात झोपी जात. लांबून बघणाऱ्याला वाटे, केवढी गर्दी आहे, काहीतरी खास असणार! नंतर माणसंही नकोशी झाली. त्यांच्या जागी प्रोग्रामने चालणारे बिनमाणसाचे अवतार, म्हणजे बॉट, रांगेने उभे केले जाऊ लागले. २००९ मध्ये लिंडन लॅबने असे आकडे फुगवणं नियमबाह्य ठरवलं.

या दोहोंपेक्षा मला तिसरा प्रकार जास्त अस्वस्थ करतो. प्रत्येक प्रोफाइलवर ‘पिक्स’ नावाचं एक पान असे. आपल्या आवडीच्या दहा गोष्टी तिथे लिहायच्या: एखादी बाग, मैत्रिणीचं घर, जिच्यावर प्रेम आहे तिच्याविषयी चार ओळी, आवडतं दुकान. एखाद्याची ओळख करून घ्यायची तर लोक आधी त्याचे पिक्स वाचत. ते त्या जगातलं काळीज होतं म्हणा. दुकानदारांनी त्यालाही भाव लावला. आमच्या दुकानाला तुमच्या पिक्समध्ये जागा द्या, त्याबदल्यात ठरावीक रक्कम मिळत राहील. रक्कम क्षुल्लक होती. पण आता प्रोफाइल वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता, की हे दुकान या बाईला खरंच आवडतं की तिला त्याचे पैसे मिळतात. आणि एकदा ती शंका आली की ज्यांनी एक पैसाही घेतलेला नाही, त्यांच्या शब्दाचंही वजन गेलं. खोट्या नाण्यामुळे खरं नाणंही वाजवून घ्यावं लागतं, तसं.

बाहेरच्या जगात हेच मोठ्या प्रमाणावर चालू होतं. तोंडी शिफारशीची ताकद काही नव्याने कळली नव्हती. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड यांनी अमेरिकेतल्या डेकेटर गावातल्या ८०० बायकांच्या पाहणीवर १९५५ मध्ये पुस्तक लिहिलं. जाहिरातीपेक्षा ओळखीच्या, आपल्यासारख्याच बाईचं सांगणं जास्त पटतं, असं त्यात दिसून आलं होतं. २००१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ‘ट्रेमर’ हा उपक्रम काढला. किशोरवयीन मुलांना नमुने आणि आतल्या खबरा द्यायच्या, आणि ती मुलं आपणहून दोस्तांत बोलतील अशी व्यवस्था करायची. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ‘बझएजंट’ नावाची कंपनी याच धंद्यात उतरली. दोस्ताला हे माहीत असायला हवं की नको, यावर वाद पेटला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २००५ मध्ये तक्रार गेली. डिसेंबर २००६ मध्ये आयोगाच्या अधिकाऱ्यांनी उत्तर दिलं, की मोबदला घेऊन बोलणाऱ्याने तो नातेसंबंध लपवला तर ती फसवणूक ठरू शकते. २००९ मध्ये आयोगाने आपली मार्गदर्शक सूत्रं सुधारली आणि ब्लॉगवर लिहिणाऱ्यांनाही ती लागू केली. सेकंड लाइफच्या फॅशनवर लिहिणारे शेकडो ब्लॉग होते आणि दुकानदार त्यांना माल फुकट पाठवत. हळूहळू त्यांच्या लेखाखाली ‘परीक्षणासाठी मिळालेली प्रत’ अशा टीपा दिसू लागल्या.

पण मोबदला घेतलेली शिफारस हीच काय ती वाईट, असंही मी म्हणणार नाही. सेकंड लाइफमधला सर्वात मोठा घात झाला तो प्रामाणिक शिफारशीने. ‘जिन्को फायनान्शियल’ नावाची एक आभासी बँक होती. परवाना नाही, मालक कोण हे धड माहीत नाही, व्याज मात्र खऱ्या बँका स्वप्नातही देणार नाहीत इतकं. तिची पैसे भरण्याची यंत्रं जागोजागी उभी होती. ज्याने पैसे ठेवले, त्याला सुरुवातीला व्याज खरोखर मिळालं. मग तो मित्रांना सांगणार नाही तर काय? त्यात त्याचा स्वार्थ नव्हता, त्याला खोटं बोलायचं नव्हतं. जुलै २००७ च्या अखेरीस लिंडन लॅबने जुगारावर बंदी घातली, लोकांनी घाबरून पैसे काढायला सुरुवात केली आणि ऑगस्टमध्ये जिन्को कोसळली. काही लाख खऱ्या डॉलरच्या ठेवी बुडाल्या. जानेवारी २००८ मध्ये लिंडन लॅबने परवाना नसलेल्या सगळ्याच बँका बंद केल्या. ‘व्याज नाही, नफ्यातला वाटा आहे’ असं सांगून आपल्याच बिरादरीतून पैसा गोळा करणाऱ्या आणि एके दिवशी शटर ओढणाऱ्या योजना ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना या गोष्टीत काहीच नवं वाटणार नाही. तिथेही पहिला पैसा भरायला कुणा दलालाने सांगितलेलं नसतं. जुम्म्याच्या नमाजनंतर, अगदी मनापासून, शेजारीच सांगतो. मला मिळाले, तूही टाक. केस चांगले आहेत की नाहीत हे घालून बघितल्यावर कळतं. बँक चांगली आहे की नाही हे तिथे पैसे ठेवणाऱ्यालाही कळत नाही, आणि तरी त्याच्या शब्दाचं वजन दोन्हीकडे सारखंच धरलं जातं.

सेकंड लाइफ बंद पडलेलं नाही. आजही चालू आहे, तिथे माल विकला जातो, केस आणि बूट घडवून पोट भरणारे लोक आहेत. पण जाहिरातीच्या दुनियेने तिथून पाय काढला आणि जाताना तिथला धडा सोबत नेला. इमारत बांधू नका, माणूस पकडा. आज मराठीत रोज दिसणाऱ्या रीलमधली ताई घरच्यासारखी बोलते, क्रीम दाखवते, मसाला दाखवते. ती त्याच पिक्सच्या पानाची वारस आहे.

मुंबईत कार्यालय असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने मे २०२१ मध्ये अशा लोकांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोबदला, फुकट माल, सवलत यांपैकी काहीही घेतलं असेल तर तशी पट्टी लावायची. त्यात एक कलम आभासी चेहऱ्यांसाठीही आहे. बोलणारा खरा माणूस नसून संगणकाने घडवलेला असेल, तर बघणाऱ्याला तेही सांगायचं. सेकंड लाइफमध्ये हे सांगायची गरज पडली नव्हती, सगळे अवतार आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की कोण कुणाच्या पैशाने बोलतंय. पट्टीच्या भाषेबद्दलही तत्त्वांमध्ये तरतूद आहे. ती जाहिरातीच्या भाषेत असावी किंवा इंग्रजीत. त्यामुळे रीलभर अस्सल मराठीत बोलून झाल्यावर कोपऱ्यात इंग्रजीतले दोन-तीन शब्द टाकले तरी नियम पाळला जातो. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायका रील बघतात, तो कोपरा कुणीच बघत नाही.